गोरा झालेला चाकू

आमच्या घरात विळी होती, दोन कोयते होते, सुपारी खाणारं कुणी नसताना अडकित्तासुद्धा होता. तरी दर रविवारी सकाळी चार बाप्ये आमच्या रोपवाटिकेच्या पत्र्याखाली जमायचे, खिशातून आपापला घडीचा चाकू काढायचे आणि तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचे. आईला हे कधीच उमगलं नाही. “लोक पत्ते कुटतात, त्यात निदान कुणीतरी जिंकतं तरी. ह्यांचं काय चाललंय देव जाणे,” असं म्हणत ती पोह्यांची परात बाकावर आदळायची आणि जाताजाता एक नजर टाकून, “हे बघा, कांदा चिरायला एकही येणार नाही,” असंही सुनावायची. मी हे सगळं लिहायला घेतलंय म्हटल्यावर परवा म्हणाली, “तिशी उलटली नाही तोवर आत्मचरित्र? आधी पिकू तरी दे जरा!” पण चिकूसारखंच आहे हे. फार पिकू दिलं की हातात धरवत नाही.

बाबांची ती रोपवाटिका डहाणू रोडहून समुद्राकडे जाताना, आमच्याच चिकूच्या वाडीच्या कडेला होती. बाबा चिकूची आणि आंब्याची कलमं करून विकायचे. त्यामुळे चाकू हे त्यांच्या पोटापाण्याचंच साधन, पण प्रेम त्याहून वरचं. त्यांचा चाकू पितळी मुठीचा, दोन पात्यांचा. एक पातं कापायला आणि दुसरं बोथट, साल अलगद उचलायला. स्टेशनजवळ लोखंडी सामानाचं दुकान चालवणारे जयंतीभाई हे दुसरे सभासद. त्यांचा चाकू शिंगाच्या मुठीचा, त्यांच्या आजोबांनी वापरलेला, आता दिवसभर सुतळ्या कापायचा. तिसरे भोयेसर. तलासरीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, दर रविवारी एस.टी.नं येणारे. त्यांचा चाकू करंगळीएवढा. त्यानं त्यांनी आख्ख्या शाळेच्या पेन्सिली तासल्या होत्या, आणि शार्पनरचं नाव काढलं तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं. आणि चौथा लाडक्यादादा. रानशेतचा. बाबांचं लग्न व्हायच्या आधीपासून आमच्या वाडीत कलमं बांधणारा. त्याच्या हातचं कलम मरत नाही, असं सगळ्या पंचक्रोशीत म्हणत. म्हणत काय, तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा!

लाडक्यादादाचा चाकू दिसायला अगदीच ओबडधोबड. एकच पातं, खैराची मूठ त्यानं स्वतः तासून बसवलेली, आणि पातं काळंशार. लोखंडाला गंज चढतो ते वेगळं. हे काळं म्हणजे वर्षानुवर्षं चिकूचा चीक आणि आंब्याचा डिंक पिऊन चढलेलं, हात लावला तर गुळगुळीत लागणारं. जयंतीभाई म्हणायचे, “शुं वात छे! असा रंग दुकानात मागून मिळत नाय, दीकरी. ह्याला माणूस म्हातारा व्हावा लागतो.” यावर लाडक्यादादा तंबाखू मळत नुसता हसायचा. स्तुती त्याला दुधावरच्या सायीसारखी लागायची, सगळी संपेपर्यंत तो मधे बोलायचा नाही.

मंडळाचे दोन नियम होते. पहिला, चाकू हातातून हातात द्यायचा नाही. मीठ, मिरची आणि चाकू हातात दिला की भांडण होतं, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मिटायचा, बाकावर ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. दुसरा नियम, शोभेचा चाकू चालणार नाही. गेल्या आठवड्यात त्यानं काय काम केलं ते सांगता आलं पाहिजे. एकदा जयंतीभाईंच्या मुलानं मुंबईहून चकचकीत विलायती चाकू आणून दाखवला. सरांनी विचारलं, “ह्यानं केलं काय?” तो म्हणाला, “काही नाही, नवा आहे.” “मग आधी त्याला कामाला लाव, नंतर ओळख करून दे,” असं सर म्हणाले आणि पोह्यांकडे वळले. त्याच मुलानं पुढे यांना व्हॉट्सअॅपवर ग्रुप करून दिला, ‘चाकू मंडळ’ नावाचा. सरांच्या सुनेनं ते नाव वाचलं आणि सासरे या वयात कुठल्या टोळीत शिरले म्हणून घाबरून बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव ‘रविवारचे पोहे’ झालं.

सगळ्यात मजा असायची ती आवाज ओळखण्यात. लाडक्यादादानं डोळे मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी एकेक चाकू मिटायचा. चांगला चाकू मिटताना बोलतो. बाबांचा पितळी टिक् करायचा, जयंतीभाईंचा जाड खट्, सरांचा तर नखावर नख वाजवावं इतकाच. लाडक्यादादाच्या खैराच्या मुठीचा आवाज खोल, ठक्, लाकडी दाराची कडी आतून पडल्यासारखा. तो एकदाही चुकला नाही. “भाऊचा,” म्हणजे बाबांचा, “शेटचा,” “मास्तरचा,” असं सांगत जायचा आणि स्वतःचा वाजला की मात्र मान ताठ करून म्हणायचा, “माझा. पुढचा वाजव.”

मला मंडळात घेतलं तेव्हा मी अकरावीत होते. तोवर पोहे खायला मला जागा होती, बाकावर चाकू ठेवायला नव्हती. मी हट्टच धरला. बाबा म्हणाले, परीक्षा दे. परीक्षा म्हणजे पूर्ण पिकलेला चिकू, बोटानं दाबला तर खड्डा पडेल असा, आणि दुसऱ्याच्या चाकूनं तो सोलायचा. गर चेपला तर नापास. मी भोयेसरांचा करंगळीएवढा चाकू निवडला आणि पाऊण तास घेतला. आई मधेच येऊन म्हणाली, “इतक्यात मी अख्खा स्वयंपाक केला असता,” पण मी मान वर केली नाही. चिकू सोलून झाला. लाडक्यादादानं तो बोटांनी चारी बाजूंनी चाचपला, मग तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाला, “पोरगी चालंल.” जयंतीभाईंनी दुकानातला एक जुना पितळी मुठीचा चाकू माझ्यासमोर बाकावर ठेवला. मी उचलला. त्या रात्री तो उशाखाली घेऊन झोपले, आणि आईनं सकाळी तो काढून विळीशेजारी टाकला म्हणून भांडलेही.

त्यानंतर लाडक्यादादानं मला हाताशी धरलं. कोय कलम बांधायला त्यानंच शिकवलं. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या आंब्याची काडी पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. सगळा खेळ त्या पाचरीचा. एका ओढीत कापली पाहिजे. चाकू बोथट असला की लाकूड कापलं जात नाही, चेचतं, आणि चेचलेलं लाकूड सांधत नाही. वीस दिवसांत काडी काळी पडते. “दुसऱ्यांदा चाकू फिरवलास तर झाडाला कळतं,” तो म्हणायचा. “आन् मला बी कळतं.” माझी शंभरातली निम्मी मरायची. त्याची पाच मेली तरी तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

बारावीनंतरच्या वर्षी, कलमांचा हंगाम तोंडावर आलेला असताना, एका शनिवारी लाडक्यादादानं आपला काळा चाकू माझ्यासमोर ठेवला. “बाय, जरा धार लावून आण. सोमवारी काम सुरू.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या चाकूला त्याच्याशिवाय कुणी धार लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी फुशारून गेले. तो असं का करतोय, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. खरं कारण हे होतं की त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि धारेवरची उजेडाची रेघ त्याला आता दिसत नव्हती. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मान ताठ करून बसणारा माणूस असलं सांगेल कशाला?

मी शनिवारी रात्री जेवून कुरुंदाच्या दगडावर तासभर धार लावली. छान लागली होती. तेवढ्यावर थांबले असते तर हे प्रकरणच लिहावं लागलं नसतं. पण मला लागली होती हौस. लाडक्यादादानं चाकू उघडला की आरसाच दिसला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. रविवारी पहाटेच सायकल काढली आणि तलासरीच्या रस्त्यावर एक ग्रील बनवणारा होता त्याच्याकडे गेले. तो चहा पीत होता. म्हणाला, “चाक आहे तिथं, घास तुझं तू.” मी विजेचं चाक चालू केलं आणि पातं टेकवलं. ठिणग्या उडायला लागल्या. मला काय आनंद झाला होता तेव्हा! पातं हातात गरम लागलं तशी मी ते उचललं, आणि टोकापासून दोन बोटं पोलाद पारव्याच्या मानेसारखं निळं-जांभळं झालेलं दिसलं.

त्याचा अर्थ मला माहीत होता. माहीत नसता तर बरं झालं असतं. जयंतीभाईंनी कितीदा तरी सांगितलं होतं, पोलाद निळं पडलं की त्याला लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. मग धार लागते, पण टिकत नाही. चार काप झाले की वळते. मी तिथंच उकिडवी बसले आणि पॉलिश पेपर मागून घेऊन तो निळा रंग घासून घासून काढला. त्याबरोबर ते सगळं काळं पण गेलं. चाळीस वर्षांचं काळं, दहा मिनिटांत. पॉलिश पेपर फाटला तरी मी घासतच राहिले.

दोन तासांनी मंडळ जमलं. मी चाकू बाकावर ठेवला. लाडक्यादादानं उचलला, उघडला, अंगठा आडवा फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. “लय झ्याक लावलीस गो!” नव्या धारेनं त्यानं चिकू सोलला, तोही लोण्यासारखा. भोयेसर मात्र चष्मा वर करून म्हणाले, “अरे, हा गोरा झाला की! काळं कुठं गेलं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. “राखेनं घासला,” मी म्हणाले. “चांगला दिसावा म्हणून.” जयंतीभाईंनी जीभ चावली. लाडक्यादादा हसून म्हणाला, “असू दे. चिकू हाय, आंबा हाय, परत काळा होईल.” त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं ते पोहे घालायला.

हंगामात मंडळ बंद असायचं. लाडक्यादादा पत्र्याखाली गोणपाटावर बसून कलमं बांधायचा, पलीकडच्या ओळीत मी. पूर्वी तो सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा, अशी दिवसातून दोनदा धार लावायचा. आता दर अर्ध्या तासाला दगडाचा आवाज यायचा, खस्स, खस्स. तो अंगठा फिरवायचा, मान हलवायचा, परत घासायचा. तिसऱ्या दिवशी पुटपुटला, “धार बसत नाय माझ्या हातानं.” मी ऐकलं. मी माझा चाकू त्याच्याकडे सरकवून म्हटलं, “हा वापर ना दादा.” तो भडकलाच. “माझा हाय ना मला!”

वीस दिवसांनी ओळीच्या ओळी काळ्या पडल्या. त्याच्या ओळी. माझ्या ओळीत त्या वर्षी पहिल्यांदा कलमं जगली होती, त्यामुळे तर अजूनच वाईट. बाबा रोज सकाळी ओळींमधून फिरून काळ्या पडलेल्या काड्या मोजायचे. वाडीतल्या बायका मेलेली रोपं उचलता उचलता कुजबुजायच्या, “लाडक्याचा हात गेला.” कलम बांधणाऱ्याचा हात जाणं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. शेवटी एक दिवस जेवताना बाबा आईला म्हणाले, “दादाला पुढच्या वर्षी चाकूवर नाही बसवत. रोपांना पाणी घालू दे, सावलीत बसू दे. आता वय झालं.” माझ्या घशात भाकरी अडकली. आई म्हणाली, “सुकटीचा काटा लागला का गं सुमी?” मी हो म्हणाले. सुकटीला काटा नसतो हे तिलाही माहीत होतं.

आता वाटतं, अठराएकोणीस वर्षांची घोडी, तुला एवढं वाक्य बोलता येईना? पण मला भीती फक्त रागाची नव्हती. त्यानं आयुष्यात एकदाच आपला चाकू दुसऱ्याकडे दिला होता, आणि तो मला. ते माझ्याकडून काढून घेतलं जाईल याची भीती होती. रोज रात्री ठरवायचे, रोज सकाळी टाळायचे.

दसऱ्याला मंडळाची पूजा असायची. पाटावर लाल फडकं, त्यावर सगळे चाकू धुऊन, पुसून, उघडून मांडलेले, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि नैवेद्याला आईच्या हातची खीर. आई इतर दिवशी कितीही बोलली तरी दसऱ्याला चाकूंना कुंकू तीच लावायची. पूजा झाली की प्रत्येकानं आपला चाकू उचलायचा, मिटायचा आणि कपाळाला लावायचा. त्या दिवशी बाबांनी उचलला, जयंतीभाईंनी, सरांनी उचलला. माझा राहिला होता, कारण मी खिरीच्या वाट्या आणत होते. लाडक्यादादानं आपला उचलला, मिटला, कपाळाला लावला आणि परत पाटावर ठेवला.

“तो आता सुमीचा,” तो म्हणाला. “तिचा हात बसला. माझा गेला. भाऊ, मी पुढल्या साली पाणी घालीन रोपांना. तुम्ही बोलायच्या आधी मीच बोलतो.” बाबांनी पाटावरची फुलं सारखी केली. लाडक्यादादा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, “उचल, बाय.”

नियमच तसा होता. त्यानं खाली ठेवला होता, उचलायचं मला होतं. माझा हात पुढे होईना. वाट्या खाली ठेवल्या, आणि मग जे तोंडातून बाहेर पडलं ते एका दमात. “तुझा हात नाही गेला दादा. चाकूचं पाणी गेलंय. मी घालवलं. मी चाकावर धरला होता. निळा झाला होता. मी घासून लपवलं. राख नव्हती ती, खोटं बोलले मी.” आणि भोकाड पसरलं.

बाबा ताडकन उठले. “सुमे!” एवढंच म्हणाले, पण तसं ते मला आधी कधी म्हणाले नव्हते. लाडक्यादादानं हात वर करून त्यांना थांबवलं. “निळा कुठवर झालेला?” त्यानं विचारलं. मी टोकापासून दोन बोटं दाखवली. “इथवर? पक्कं?” “पक्कं.” त्यानं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाला, “आंब्याची काडी आण.”

मी धावत जाऊन आणली. बाबांनी न सांगता आपला पितळी चाकू त्याच्यापुढे बाकावर ठेवला. त्यानं तो उचलला, काडी डाव्या हातात धरली आणि डोळे चक्क मिटून घेतले. एक ओढ. काडी उलटी करून दुसरी ओढ. मग त्या पाचरीवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि ती भोयेसरांच्या हातात दिली. सरांनी ती उजेडात धरली. आयुष्यभर पोरांच्या सरळ रेघा तपासलेला माणूस तो. म्हणाले, “लाडक्या, पट्टी लावून पण मला अशी येणार नाही.”

“हात हाय!” लाडक्यादादा ओरडला. “आयला, माझा हात हाय ना!” तो हसत होता आणि त्याच्या त्या धुरकट डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दोन महिने झोपलो नाय मी! वाटलं, मेलो आता!” आणि मग माझ्याकडे वळून जे सुरू झालं, ते मी इथं लिहिणार नाही. आईनंही कानांवर हात ठेवले. गाढव हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला त्याआधी कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दम संपला तेव्हा तो खाली बसला. जयंतीभाईंनी हळूच विचारलं, “पण दादा, धार बसत नव्हती तर टोकाकडेच वळते ते बघायचं ना तू?” त्यानं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, “दिसत नाय, शेट.” त्यालाही त्या दिवशी बोलावं लागलं. दिवाळीनंतर जयंतीभाईंनी स्वतः बरोबर जाऊन त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून आणलं.

काळ्या चाकूचं मात्र काही करता आलं नाही. लोहाराकडे नेऊन परत पाणी द्यायचं तर मूठ फोडावी लागली असती, आणि पातं इतकं झिजलेलं होतं की भट्टीत वाकडं झालं असतं. त्याच दिवशी लाडक्यादादानं पाटावर उघडाच राहिलेला माझा पितळी चाकू उचलला, मिटला, कानाशी धरून दोनदा वाजवला. “हा माझा,” तो म्हणाला. “तो तुझा. तू बिघडवलास, तूच वापर.” पुढचे तीन हंगाम त्यानं माझ्या चाकूनं कलमं बांधली आणि शंभरात पाच मेली तरी पूर्वीसारखाच दिवसभर कुणाशी बोलला नाही.

तो चाकू आजही माझ्याकडे आहे. रोपवाटिका आता मीच बघते. दर दहा कलमांनंतर त्याला धार लावावी लागते, आणि नवीन कामाला आलेल्या बायका म्हणतात, ताई, एवढी रोपवाटिका तुमची, एक चांगला चाकू घ्या की. मी दगडावर पाणी शिंपडते आणि घासायला लागते. पातं आता परत काळं व्हायला लागलंय, टोकाकडे थोडं कमी.

त्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मंडळ बसलं तेव्हा सगळे जरा अवघडलेलेच होते. आईनं पोह्यांत शेंगदाणे जास्त घातले होते. शेवटी भोयेसरच म्हणाले, चला, आवाज. लाडक्यादादानं डोळे मिटले. मीच वाजवायला बसले होते, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, पहिला तोच उचलला. मिटला. ठक्. खैराच्या मुठीचा तो खोल आवाज चाळीस वर्षं त्याच्या खिशात होता. बाबांनी पोह्यांची वाटी खाली ठेवली. लाडक्यादादा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मान ताठ झाली होती, ती थोडी सैल झाली.

“सुमीचा,” तो म्हणाला. “पुढचा वाजव.”